हाताने शिकलेली विद्या

शाळेची सहल म्हटली की आम्हा भंडाऱ्याकडील मंडळींची ठिकाणे ठरलेली असतात. रामटेकचा गड, पवनीस वैनगंगेचा घाट, फार तर नागझिऱ्याचे अरण्य. मुले डबे घेऊन निघतात, गाडीत गाण्यांच्या भेंड्या लावतात, सायंकाळी धुळीने माखून परततात आणि दुसऱ्या दिवशी ‘माझी सहल’ या विषयावर पंधरा ओळींचा निबंध लिहितात. त्यात वाईट असे काही नाही. परंतु अलीकडे एका हिवाळ्यात आमच्या आळीजवळील शाळेने सातवीच्या मुलांस नागपुरास अपूर्व विज्ञान मेळाव्यास नेण्याचे योजिले, तेव्हा घरोघर जी चर्चा झाली ती ऐकण्याजोगी होती.

कोणी म्हणाले, घटक चाचणी तोंडावर आली असता एक दिवस फुकट जाणार. कोणी म्हणाले, वर्गणी घेण्याचा हा नवा मार्ग. आमच्या वहिनींनी शंका काढली की, प्रयोग म्हणजे विस्तव आणि तेजाब आलेच. मुलीच्या जातीला चटका लागला, डाग राहिला, तर जबाबदार कोण? परंतु सर्वांत वजनदार आक्षेप आमच्या पुतण्याचा. तो पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. त्यामुळे विज्ञानाच्या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा समजला जातो. तो म्हणाला, “काका, हे सगळे प्रयोग मोबाइलवर घरबसल्या दिसतात. साठ किलोमीटर जाऊन पोरांनी निराळे काय पाहायचे?”

या प्रश्नास त्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. पुढे तो प्रश्न त्याच्याच अंगणात परत आला. ती हकीकत यथाक्रम येईल. शाळेने सोबतीस दोन वडीलधारी माणसे मागितली होती, आणि निवृत्त मास्तराइतका रिकामा मनुष्य आळीत दुसरा नसल्याने एक जागा माझ्याकडे आली.

हा मेळावा नागपूर महानगरपालिका आणि मूलभूत विज्ञानाच्या शिक्षणासाठी झटणारी तेथील एक संस्था यांनी मिळून चालविला असून तो राष्ट्रभाषा संकुलात भरत आला आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे प्रयोग समजावून सांगणारे लोक प्राध्यापक नसतात, की विज्ञान शिकविण्याचा धंदा करणारेही नसतात. ती असतात महापालिकेच्या शाळांतील मुले आणि मुली. ज्या शाळांकडे आपल्या घरांतून ‘दुसरीकडे जमले नाही म्हणजे जाण्याची शाळा’ अशा नजरेने पाहिले जाते, त्याच शाळांतील ही मुले मेजामागे उभी राहतात आणि आपली मुले, त्यांचे मास्तर व आईबाप मेजापुढे उभे राहून ऐकतात. साहित्य पाहावे तर रिकाम्या बाटल्या, फुगे, मेणबत्त्या, आरशाचे तुकडे, चुंबक, शरबत पिण्याच्या नळ्या. तालेवाराच्या घरी हे सर्व केरात जाते.

आमच्या वर्गातील पहिल्या नंबरचा मुलगा एका मेजाशी थांबला. मेजावर विजेची लहानशी मोटार होती. टॉर्चचा एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांस रबराच्या पट्ट्याने बसविलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर एक चकतीसारखा चुंबक आणि पिनांच्या छिद्रांत अडकविलेले तांब्याच्या तारेचे एक वेटोळे. एवढाच तिचा संसार. तार वाइंडिंगच्या कामाची, म्हणजे वर रोगणाचा पातळ थर दिलेली. मेजामागे आठवीतील एक मुलगी होती. तिने नवीन तार पुढे केली आणि म्हणाली, “कर.”

मुलाने प्रथम व्याख्या सांगितली. विद्युत् ऊर्जेचे यांत्रिक ऊर्जेत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे विद्युत् चलित्र. अगदी काना-मात्रा न चुकता. मुलीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा तार पुढे केली. मग त्याने वेटोळे केले, दोन्ही टोकांवरील रोगण काचेच्या कागदाने स्वच्छ घासले आणि वेटोळे पिनांत बसविले. ते फिरेना. थोडे डावीकडे झुके, थोडे उजवीकडे, आणि थरथरत थांबे. त्याने सेल बदलून मागितला. मुलगी म्हणाली, “सेल बराबर आहे. पूर्ण नाही घासाचं, भाऊ. एका टोकाचं अर्धंच घासाचं, वरच्या अंगाचं. पूर्ण घासलं तं पाळण्यावानी हालते.”

तसे केले मात्र, आणि वेटोळे भिंगरीसारखे फिरू लागले. मुलगा आनंदाने ओरडला. परंतु ती मुलगी त्याला सोडीना. “मंग सांग, काऊन फिरलं?” असे तिने विचारले. त्याला सांगता येईना, तेव्हा तिने बोटाने वेटोळे सावकाश फिरवून दाखविले. अर्ध्या फेऱ्यात चुंबक वेटोळ्यास पुढे लोटतो. उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात वीज चालूच राहिली तर तोच चुंबक त्यास मागे ओढतो. म्हणून त्या अर्ध्या फेऱ्यात वीज तोडावयाची; मिळालेल्या वेगाच्या जोरावर वेटोळे आपण होऊन पुढे जाते आणि पुन्हा वीज मिळते. रोगणाचा जो अर्धा भाग ठेविला, तोच वीज तोडण्याचे काम करतो. एवढे झाल्यावर तिने मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाकडे बोट केले आणि आमच्या विद्वानास म्हणाली, “आता तू याले शिकव.”

चाळीस वर्षे खडू हातात धरल्यानंतर चांगला शिक्षक मी ओळखतो. त्या मुलीने उत्तर आधी सांगितले नाही; हात अडू दिला, मग वाट दाखविली, मग कारण विचारले आणि शेवटी शिकणाऱ्यास शिकविणारा केले. अध्यापनाच्या पदव्या घेतलेल्या कितीकांस हा क्रम साधत नाही.

आपल्या घरांतून एक समज आहे की, ही हाताने शिकण्याची रीत पश्चिमेकडून आली. ज्यांना संस्कृताचा परिचय आहे त्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय काढून पाहावा. योग्यासूत्रीय असे त्याचे नाव. योग्या म्हणजे सराव. शस्त्रकर्म शिकणाऱ्या शिष्याने रोग्यास हात लावण्यापूर्वी भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा अभ्यास करावा, असे तेथे सांगितले आहे, आणि सर्व शास्त्र पढलेला असूनही ज्याने असा सराव केला नाही तो कर्मास अयोग्य, असा निर्वाळाही दिला आहे. पुढील काळचा रसेंद्रचिंतामणि नावाचा रसायनावरील ग्रंथ याहून कडक आहे. जो शिकवितो ते करून दाखवू शकतो तोच गुरू, गुरूपासून शिकून जो स्वतः करू शकतो तोच शिष्य, बाकीचे सारे रंगभूमीवरचे नट, असा त्याचा आशय आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात या ग्रंथाचा गौरवाने उल्लेख आहे. शास्त्र जाणणारा वर्ग आणि हाताने काम करणारा वर्ग यांची ताटातूट झाली, एकाने हात सोडला आणि दुसऱ्यास ग्रंथ मिळाला नाही, तेव्हापासून आपल्याकडील विज्ञानबुद्धी मंदावली, असे त्यांनी त्याच इतिहासात मांडले.

हा दोष मुख्यत्वे आपल्यासारख्या घरांचा आहे, हे मान्य करण्यास संकोच का वाटावा? आमचे गाव पितळेच्या भांड्यांसाठी शेकडो वर्षे नावाजलेले. घरात पितळ पिढ्यान्‌पिढ्या वापरले. परंतु तांब्यात जस्त मिसळले म्हणजे पितळ होते हे पुस्तकात वाचलेले मूल आणि ते प्रत्यक्ष ओतणाऱ्या कारागिराचे मूल एका बाकावर बसून एकमेकांस काही सांगत आहेत, असे दृश्य माझ्या पाहण्यात फार थोडे आले. पाठांतराचा मी शत्रू नव्हे. अमरकोश आणि रूपावली मुखोद्गत असल्याचा उपयोग मला आजही रोज होतो. परंतु शब्द मुखात येतो आणि वस्तू हातात येते. या दोन निरनिराळ्या प्राप्ती आहेत, आणि एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

दुपारी मुलांस गांधीसागर तलावासमोरील रमण विज्ञान केंद्रात नेले. हे केंद्र ७ मार्च १९९२ रोजी उघडले. सर चंद्रशेखर वेंकट रमण हे १९११ च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यातील नोकरीच्या निमित्ताने काही काळ नागपुरात होते. त्यांचे नाव त्यास दिले आहे. दिवसा सरकारचे जमाखर्च तपासावे आणि कचेरी सुटली की कलकत्त्याच्या विज्ञानसंस्थेत तारा, तंतुवाद्ये आणि नाद यांवर प्रयोग करावे, असा या गृहस्थाचा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. मृदंग आणि तबला यांच्या नादाचाही त्यांनी अभ्यास केला. प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा त्यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, नोबेल पारितोषिक १९३० चे. घरातील कर्त्या पुरुषांनी नोकरीची सबब सांगण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

केंद्र उत्तम आहे. आम्हीच ते नीट पाहिले नाही. तेथील वस्तू कळ दाबून, चाक फिरवून, दोरी ओढून पाहण्यासाठी मांडल्या आहेत. पण परतीच्या वेळेची घाई लागल्यामुळे सोबतच्या शिक्षकांनी मुलांच्या रांगा केल्या आणि ‘रांग मोडू नका, हात लावू नका’ असा गजर करीत सर्वांस एका दालनातून दुसऱ्या दालनात काढले. हात लावण्यासाठी ठेवलेल्या वस्तूंपुढून हात मागे बांधून मुले चालली. सकाळी चार तास थांबलेली तीच मुले, दुपारी दोन दालने संपण्याआधीच कंटाळली. सहल नेणाऱ्यांस माझी सूचना आहे की, एका दिवसात एकच ठिकाण पाहावे, आणि तेथे मुलांस सोडून द्यावे.

आता घरची हकीकत. पुतण्याची मुलगी त्याच वर्गातली. परत आल्यावर दोन दिवस तिने एक चुंबक हातात घेऊन स्वयंपाकघर पालथे घातले. पितळेस आणि तांब्यास चुंबक धरीत नाही, लोखंडी कढईस धरतो, आणि स्टीलच्या भांड्यांत मात्र दोन जाती निघतात, हे तिने शोधून काढले. निकेल घातलेल्या पोलादास चुंबक बहुधा धरीत नाही. ‘ज्याला चिकटला तो डबा मी महाग घेतला होता,’ असे वहिनी उद्गारल्या, आणि त्या दिवसापासून विज्ञानाविषयी त्यांचे मत पुष्कळ सुधारले. देवघरातील ताम्हणास मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी तिने एका प्लॅस्टिकच्या बाटलीस वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडली. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे दाखविणारा हा प्रयोग. पुष्कळ पुस्तकांतून त्याचे चित्र असते: तीन धारा निघाल्या आहेत, वरची सर्वांत जवळ पडते, खालची सर्वांत दूर. मुलीने बाटली अंगणातील फरशीवर ठेवली, पाणी काठोकाठ भरते ठेवण्यास धाकट्या भावास लोटी घेऊन उभे केले आणि भोके मोकळी केली. मधली धार सर्वांत दूर पडली. वरची आणि खालची या दोन्ही तिच्या अलीकडे, जवळजवळ एकाच जागी.

तिने बापास हाक मारली. तो पाहून म्हणाला, “भोकं वेडीवाकडी झाली असतील. दुसरी बाटली घे.” तापविलेल्या सुईने नीट भोके पाडून दुसरी बाटली झाली. तेच. तिसरी बाटली त्याने स्वतः केली. तेच. तोपर्यंत आळीतील पाच-सहा मुले जमली होती आणि अभियंत्याची अब्रू पणास लागली होती. त्याने कागद मागविला, ओट्यावर बसला आणि पाव तासाने हसत उठला.

गोष्ट अशी आहे. खालच्या भोकातून पाणी सर्वांत जोराने निघते, यात संशय नाही; खोलीबरोबर वेग कसा वाढतो याचा नियम इटलीतील टोरिचेली याने सतराव्या शतकातच बांधून दिला आहे. परंतु खालचे भोक जमिनीस लागून असते. धारेस दूर जाण्यास नुसता वेग पुरत नाही, वेळही लागतो. आणि खालची धार निघाली न निघाली तोच फरशीस टेकते. वरच्या धारेस वेळ भरपूर, पण वेग कमी. मधलीस दोन्ही बेताचे, म्हणून ती पुढे जाते. बाटलीत पाण्याची उंची २० सेंटिमीटर धरली आणि ५, १० व १५ सेंटिमीटरवर भोके पाडली, तर मधली धार २० सेंटिमीटरवर आणि उरलेल्या दोन्ही सव्वासतरा सेंटिमीटरच्या सुमारास पडाव्या, असे गणित सांगते. भोकाच्या कडेशी होणाऱ्या घर्षणाने प्रत्यक्षात त्या थोड्या अलीकडे पडतात. आता हीच बाटली स्टुलावर ठेवा. तिन्ही धारांस पडण्यास पुरेसा वेळ मिळतो, आणि खालची धार खरोखरच सर्वांत दूर जाते. म्हणजे पुस्तकातील चित्र सर्वस्वी खोटे नव्हे. चित्रकाराने बाटलीखालचे स्टूल तेवढे गाळले. कित्येक चित्रांत बाटली सरळ जमिनीवर असते आणि धार मात्र स्टुलावरची!

पुतण्या म्हणाला, “काका, पाण्याच्या दाबावर पगार घेतो मी, पण हे चित्र तपासून पाहावे असे कधी मनात आले नव्हते.” मोबाइलवरील प्रयोगासंबंधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यास मिळाले होते, म्हणून मी ते निराळे दिले नाही. मोबाइलमध्ये वेटोळे नेहमी फिरते आणि प्रयोग पहिल्या खेपेसच साधतो. न फिरलेल्या वेटोळ्याचे चित्र कोणी कशास काढील? आणि शिकणे तर तेथूनच सुरू झाले होते.

परंतु त्या रात्री मुलीने जो प्रश्न विचारला तो मला याहून मोठा वाटतो. घटक चाचणीत दाबाची आकृती येणार होती. “आजोबा, मी पुस्तकातली काढू, की आपल्या अंगणातली?” बाप म्हणाला, पुस्तकातली काढ, गुण का घालवायचे? वहिनीही तेच म्हणाल्या. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बारा वर्षांच्या मुलीस डोळ्यांनी पाहिलेले पुसून टाकावयास सांगणे हे लहान काम नव्हे. आणि तिला परीक्षकाशी भांडावयास पाठविणे हेही शहाणपणाचे नव्हे. मी तिला सांगितले, पुस्तकातील आकृतीच काढ. फक्त बाटलीखाली एक उंच स्टूल काढ.

परीक्षेची ही अडचण आजची नाही, आणि तिच्यावर उपाय करून पाहिलेलेच नाहीत असेही नाही. आमचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत ज्या जुन्या मध्यप्रांताचा भाग होता, त्याच प्रांतातील होशंगाबादेस, म्हणजे आताच्या नर्मदापुरम् येथे, १९७२ साली सोळा शाळांतून एक धाडसी उपक्रम सुरू झाला. खेड्यांतील माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगानेच शिकवावयाचे. ‘बालवैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकांत प्रश्न आणि कृती असत, तयार उत्तरे नसत. ती मुलांनी प्रयोग करून स्वतःच्या वहीत लिहावयाची. परीक्षेस पुस्तक उघडे ठेवण्यास मोकळीक होती, आणि परीक्षेतही हाताने प्रयोग करावा लागे. शेतात जाऊन पाने, किडे, माती गोळा करणे हा अभ्यासाचाच भाग. कानपूरच्या तंत्रसंस्थेत शिकलेले अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या करू लागले. केरातून खेळणी करण्याचा त्यांचा उद्योग पुढे पुण्यास आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बहरला. होशंगाबादचा उपक्रम मात्र २००२ साली सरकारने बंद केला. तीस वर्षे खेड्यांतून चाललेली गोष्ट एका हुकुमाने थांबली. याच्याही आधी, १९३७ साली, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली होती. तिची गत वाचकांस ठाऊकच आहे. वर्धा आमच्यापासून काय दूर आहे? तरी आमच्या शाळांच्या भिंतींस तिचा फारसा स्पर्श झाला नाही.

आमच्या जिल्ह्यात तर असे शिक्षण दाराशी पडले आहे. मालगुजारी तलाव आपण रोज पाहतो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले. त्यांची पाळ खाली रुंद आणि वर अरुंद का, याचे उत्तर त्याच तीन भोकांच्या बाटलीत आहे. पाणी सोडण्याच्या दारास आमच्याकडे तुडूम म्हणतात. तो उघडल्यावर पाण्याचा लोंढा कसा निघतो आणि तलाव उतरत गेला म्हणजे कसा मंदावतो, हे शेतावरील कोणताही म्हातारा सांगेल. त्याने टोरिचेलीचे नाव ऐकलेले नाही, आणि आपल्या मुलांनी तुडुमाचे ऐकलेले नाही.

घटक चाचणीचे पेपर परत मिळाले. आकृतीस पूर्ण गुण होते, आणि शिक्षकांनी तांबड्या शाईने स्टुलापाशी प्रश्नचिन्ह केले होते. मुलीने वर्गातच कारण सांगितले. त्या बाई भल्या, रागावल्या नाहीत. “शनिवारी शेवटच्या तासाला करून दाखव,” म्हणाल्या. शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात प्रयोग झाला. मोटार फिरविणाऱ्या पहिल्या नंबराने पट्टी धरून अंतरे मोजली, आणि आमच्या आळीच्या टोकास राहणाऱ्या एका नळकाम करणाऱ्या गृहस्थाच्या मुलाने सर्वांत सफाईदार भोके पाडली. आता बाईंनी असे ठरविले आहे की, पावसाळा संपून तलाव भरले म्हणजे वर्गास एखाद्या जवळच्या तुडुमापाशी न्यावे. यंदा सोबतीची दुसरी जागा पुतण्याने स्वतः मागून घेतली आहे. वहिनींची एवढीच अट आहे की, नेण्याचा दोर आणि बादली देवघराशेजारची नसावी.